बँक उघडी, शाळा बंद, बाजार चालू: सरकारी सुट्टी नेमकी कोणाची आणि ती ठरते कशी?

सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईत मोठी गंमत झाली होती. ईद-ए-मिलाद शुक्रवारी ५ तारखेला होती आणि लगेच शनिवारी ६ ला अनंत चतुर्दशी. दोन्हीच्या मिरवणुका, तोच पोलीस बंदोबस्त, तेच रस्ते, म्हणून मुस्लिम संघटनांनी जुलूस पुढे ढकलला आणि सरकारने मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांपुरती ईदची सुट्टी सोमवारी ८ तारखेला नेली. बाकी सगळ्या महाराष्ट्रात मात्र ५ लाच सुट्टी. म्हणजे मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे शुक्रवारी ऑफिस चालू आणि पलीकडे ठाण्यात बंद, सोमवारी बरोब्बर उलट. ठाण्यात राहून मुंबईतल्या सरकारी ऑफिसात जाणाऱ्याला पोरांच्या सुट्टीच्या दिवशी कामावर जायला लागलं आणि स्वतःच्या सुट्टीला पोरं शाळेत.

त्या आठवड्यात प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता, "नक्की सुट्टी कधी?" उत्तरं चार प्रकारची येत होती आणि गंमत म्हणजे चारही बरोबर होती. कारण विचारणारा कुठल्या यादीतला आहे ते कोणी विचारतच नव्हतं.

यादी एक नाही, निदान पाच आहेत

आपल्या डोक्यात भिंतीवरचं कॅलेंडर असतं, लाल आकडा म्हणजे सुट्टी, विषय संपला. प्रत्यक्षात लाल आकडा कोणासाठी लाल आहे हे वेगवेगळी माणसं ठरवतात.

राज्य सरकारची एक यादी असते, महाराष्ट्राची २०२५ ची २४ सुट्ट्यांची होती. केंद्र सरकारच्या ऑफिसांची वेगळी. बँकांची रिझर्व्ह बँक राज्याराज्यांप्रमाणे लावते, त्यात दुसरा आणि चौथा शनिवार १ सप्टेंबर २०१५ पासून सुट्टीचा. शेअर बाजाराची स्वतःची, ती बरीच छोटी. आणि कोर्टाची आणखी वेगळी. याशिवाय जिल्हाधिकारी स्थानिक सुट्ट्या देतात त्या निराळ्याच.

स्थानिक सुट्टीत सरकारी ऑफिसं आणि शाळा बंद असतात पण बँक उघडी असते, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. भाऊबीजेचंही तसंच. २०२५ ला २३ ऑक्टोबरची भाऊबीज राज्य सरकारने आपल्या ऑफिसांना जादा सुट्टी म्हणून दिली, पण महाराष्ट्रातल्या बँका त्या दिवशी चालू होत्या. "सरकारी सुट्टी आहे म्हणजे बँक बंदच असणार" असं म्हणून घरी बसलेल्यांनी उगाच एक दिवस घालवला.

चेक बाउन्सचा कायदा आणि आपली दिवाळी

बँकेचा एवढा फरक का, तर त्याचं मूळ १८८१ सालच्या एका कायद्यात आहे. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट, सरकारी मराठीत परक्राम्य संलेख अधिनियम. आपण त्याला एनआय अॅक्ट म्हणू. बहुतेकांना हा चेक बाउन्सच्या कलम १३८ मुळे माहीत असतो. पण त्याच कायद्याच्या कलम २५ मध्ये सार्वजनिक सुट्टी म्हणजे काय ते सांगितलंय: रविवार, आणि सरकारने राजपत्रात जाहीर केलेला दुसरा कुठलाही दिवस. मूळ अधिकार केंद्राचा, केंद्राने तो अधिसूचना काढून राज्यांकडे दिला. म्हणून दरवर्षाच्या अखेरीला मंत्रालयातून जी यादी निघते तिच्यावर या कलमाचा उल्लेख असतो.

आता इंग्रजांनी सणांची काळजी म्हणून हे लिहिलं नव्हतं. त्यांना साधा व्यापारी प्रश्न सोडवायचा होता, की प्रॉमिसरी नोटेचे, म्हणजे ठरल्या तारखेला पैसे द्यायच्या लेखी वचनाचे, पैसे द्यायची तारीख सुट्टीच्या दिवशी आली तर काय? कलम म्हणतं, अशा वेळी ती आदल्या कामाच्या दिवशी देय धरायची. आदल्या, पुढच्या नाही! याउलट कोर्टात किंवा सरकारी ऑफिसात काही दाखल करायचा शेवटचा दिवस सुट्टीचा निघाला तर जनरल क्लॉजेस अॅक्टच्या कलम १० प्रमाणे ऑफिस उघडेल त्या दिवशी केलेलं चालतं. एक तारीख मागे सरकते, दुसरी पुढे. धंदा करणाऱ्याने हे दोन्ही डोक्यात ठेवलेलं बरं.

राज्याच्या २४ सुट्ट्या या कायद्याखालच्या, म्हणून त्या दिवशी बँकही बंद. भाऊबीज आणि स्थानिक सुट्टी या कायद्याखाली नाही, म्हणून बँक चालू. एवढाच काय तो फरक.

बरं, बँक बंद म्हणजे पैसे थांबले असंही आता राहिलं नाही. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायचं एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालतं, आणि ज्या यंत्रणेतून आपला हप्ता कापला जातो ती एनएसीएच १ ऑगस्ट २०२१ पासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालते. पूर्वी ५ तारखेला सुट्टी आली की हप्त्याला एक दिवसाची उसंत मिळायची, ती गेली. चेक मात्र अजूनही सुट्टी पाळतो.

तारखा दरवर्षी का पळतात

आपल्या यादीतल्या सुट्ट्या एका कॅलेंडरवर चालत नाहीत. शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली कॅलेंडर सुधारणा समिती नेमली होती, तिला देशात साधारण ३० वेगवेगळी पंचांगं वापरात असलेली दिसली. त्यातूनच २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय शक कॅलेंडर आलं, आकाशवाणीवर आणि राजपत्रात ते अजून आहे, पण सण काही त्यावर आले नाहीत. लोक आपापल्या पंचांगावरच राहिले.

मुळात अडचण अशी की चंद्राचे १२ महिने मिळून साधारण ३५४ दिवस होतात आणि सूर्याचं वर्ष ३६५ चं. दरवर्षी ११ दिवस कमी पडतात. हे वाण्याच्या खात्यावरच्या उधारीसारखं आहे, दर वर्षी थोडी थोडी चढत जाते. हिंदू पंचांगवाले साधारण ३२-३३ महिन्यांनी एक अख्खा अधिक महिना टाकून उधारी चुकती करतात, म्हणून दिवाळी मागेपुढे होते पण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या बाहेर जात नाही. हिजरी कॅलेंडर ही उधारी मानतच नाही. तिथे वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं म्हणजे तेवढंच, त्यामुळे ईद दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येते आणि साधारण ३३ वर्षांत उन्हाळा-पावसाळा-हिवाळा सगळं फिरून येते. २००० साली रमजान ईद जानेवारीत झाली आणि परत डिसेंबरात झाली, एका इंग्रजी वर्षात दोनदा. गणिताप्रमाणे २०३३ ला पुन्हा तसंच होईल.

२०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. म्हणून २०२५ ला २७ ऑगस्टला आलेले गणपती २०२६ ला थेट १४ सप्टेंबरला. कोणी म्हणेल गणपती लांबले, तर लांबले नाहीत, मधे एक महिना जास्तीचा आला.

ख्रिश्चनांच्यातही चंद्र आहेच. नाताळ २५ डिसेंबरला पक्का पण ईस्टर म्हणजे २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, आणि गुड फ्रायडे त्याच्या दोन दिवस आधी. २०२४ ला २९ मार्च, २०२५ ला १८ एप्रिल, २०२६ ला ३ एप्रिल. पारशी लोकांचं शहेनशाही कॅलेंडर सगळ्यात साधं आणि सगळ्यात हट्टी, वर्ष ३६५ दिवसांचं, लीप वर्ष नाही म्हणजे नाही. त्यामुळे नवरोज दर चार वर्षांनी एक दिवस मागे येतो. २०२३ पर्यंत तो १६ ऑगस्टला होता, म्हणजे १५ ला जोडून मस्त दोन दिवस मिळायचे, २०२४ पासून तो १५ ऑगस्टलाच आलाय आणि २०२७ पर्यंत तिथेच राहणार. २०२८ ला १४ वर जाईल तेव्हा जोडसुट्टी परत.

चंद्र दिसला तर उद्या, नाहीतर परवा

यादीत ईदच्या तारखा छापल्या असल्या तरी त्या अंदाजाच्या असतात, कारण हिजरी महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो. इथपर्यंत सगळ्यांना माहिती असतं. पण यामुळे सगळे म्हणतात "मुस्लिम सुट्ट्यांचं काही खरं नसतं, आदल्या रात्री कळतं," ते निम्मंसुद्धा खरं नाही.

आदल्या रात्री कळणारी सुट्टी एकच, रमजान ईद, कारण ती शव्वाल महिन्याच्या १ तारखेला असते. बकरी ईद जिलहिज्जच्या १० तारखेला, मोहरमची सुट्टी मोहरमच्या १० ला, ईद-ए-मिलाद रबी-उल-अव्वलच्या १२ ला. म्हणजे त्या महिन्याचा चंद्र दिसला की तुमच्या हातात आठ-दहा दिवस असतात. २०२३ ला बकरी ईद यादीत २८ जूनला होती, ती २९ ला झाली, शेअर बाजाराने सुद्धा आपली सुट्टी हलवली. चंद्राचा निकाल आठवडाभर आधीच लागलेला असतो, फक्त जीआर निघायला वेळ लागतो आणि आपण बातमी शेवटच्या दिवशी वाचतो. माझं स्पष्ट मत आहे की इथे दोष चंद्राचा नाही, फायलीचा आहे.

आणि आपल्या तिथ्या तरी कुठे सरळ आहेत? तिथी साधारण १९ ते २६ तासांची असते, ती रात्री बाराला बदलत नाही. कुठला सण सूर्योदयाची तिथी धरतो, गणेश चतुर्थी दुपारची, लक्ष्मीपूजन संध्याकाळची. तिथी दोन दिवसांत विभागली की पंचांगकर्त्यांत मतभेद होतातच. २०२४ ला केंद्राच्या यादीत दिवाळी ३१ ऑक्टोबरला आणि महाराष्ट्राच्या यादीत लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, २०२५ ला केंद्राची २० ऑक्टोबर आणि राज्याची २१. एकाच बिल्डिंगमध्ये इन्कम टॅक्सवाला आणि मंत्रालयातला शेजारी वेगवेगळ्या दिवशी घरी. फरक एवढाच की हे वर्षभर आधी छापलेलं असतं.

"दोन सण एकाच दिवशी आले तर बदली सुट्टी मिळते ना?"

नाही मिळत. काही देशांत सुट्टी रविवारी आली की सोमवार आपोआप मिळतो, आपल्याकडे तसा सरसकट नियम नाही. केंद्राच्या परिपत्रकात तर स्पष्टच असतं की सण साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आला किंवा दोन सण एकत्र आले तर बदली दिवस नाही.

२०२६ ची यादी बघा म्हणजे कळेल. महाशिवरात्र १५ फेब्रुवारी, रविवार. रमजान ईद २१ मार्च, शनिवार. बुद्धपौर्णिमा १ मे, म्हणजे महाराष्ट्र दिनावरच. १५ ऑगस्ट शनिवारी आणि त्याच दिवशी पारशी नववर्ष. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर, रविवार. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यामुळे त्यांच्या शनिवारच्या सुट्ट्याही बुडाल्या. बँकवाल्यांना मात्र ते दोन्ही शनिवार महिन्यातले तिसरे असल्याने सुट्टी पदरात पडते.

मुंबईतल्या स्थानिक सुट्ट्यांचं सरकारने २०२५ ला वेगळं केलं, दहीहंडी आणि अनंत चतुर्दशी शनिवारी येत होत्या म्हणून त्याऐवजी नारळी पौर्णिमा आणि गौरी विसर्जनाची सुट्टी दिली. म्हणजे मनात आणलं तर सोय करता येते.

"खासगी कंपनीत पण २४ मिळायलाच पाहिजेत"

हा गैरसमज फार पसरलेला आहे. राज्याची यादी सरकारी ऑफिसं आणि बँका यांच्यासाठी, तुमच्या कंपनीला ती जशीच्या तशी लागू नाही. दुकानं, ऑफिसं, आयटी कंपन्या वगैरे जिथे २० किंवा जास्त कामगार आहेत तिथे महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागतो आणि त्यात वर्षाला ८ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. चार ठरलेल्या, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी मिळून, आणि हे महत्त्वाचं, वर्ष सुरू व्हायच्या आधी ठरवायच्या. त्या दिवशी कामाला बोलावलं तर दुप्पट पगार आणि शिवाय बदली सुट्टी.

आता खरं सांगा, तुमच्या ऑफिसात या चार सुट्ट्या कोणी विचारून ठरवल्या? बहुतेक ठिकाणी डिसेंबरात एचआरची मेल येते, त्यात दिवाळी, दसरा, गणपती, होळी असतं आणि संपलं. ज्या टीममध्ये चार वेगवेगळ्या घरची माणसं आहेत तिथे एखाद्याची ईद किंवा एखादीचा गुड फ्रायडे दरवर्षी स्वतःच्या रजेतून जातो. कायद्याने बोलायची जागा ठेवलीय, आपण ती वापरत नाही.

मतदानाच्या दिवसाचं वेगळं आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब प्रमाणे मतदाराला ती पगारी सुट्टी खासगीतही द्यावी लागते.

"सरकारला धर्म नाही, मग धर्माच्या सुट्ट्या कशाला?"

प्रश्न रास्त आहे, चिडून न घेता बघू. समजा सगळ्या धार्मिक सुट्ट्या रद्द केल्या. मग दिवाळीला काय होईल, निम्म्याहून जास्त स्टाफ रजा टाकेल, ऑफिस कागदावर चालू आणि प्रत्यक्षात बंद. म्हणजे ज्यांची संख्या जास्त त्यांना सुट्टी न जाहीर करताही मिळते, ज्यांची कमी आहे त्यांची मात्र जाते. यादी ही थोड्यांसाठी जास्त कामाची आहे, हे सहसा लक्षात येत नाही.

आणि रविवार तरी कुठून आला? नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं भांडून १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. साहेबाला तो चर्चचा वार, लोखंड्यांनी तो खंडोबाचा वार म्हणूनही मांडला असं सांगतात. प्रत्येकाने आपापलं कारण लावलं, सुट्टी सगळ्यांना मिळाली.

मधला रस्ता केंद्र सरकारकडे आहे. त्यांच्या यादीत १४ सुट्ट्या सगळीकडे सक्तीच्या, त्यात सगळ्या मोठ्या धर्मांचे दिवस आहेत. आणखी तीन प्रत्येक राज्यातली कर्मचारी समन्वय समिती एका ठरावीक यादीतून निवडते, म्हणून कुठे गणपती येतो तर कुठे ओणम. आणि शिवाय एक लांबलचक ऐच्छिक यादी, त्यातून प्रत्येकाने आपल्याला हव्या त्या दोन घ्यायच्या. मला ही पद्धत सगळ्यात शहाणी वाटते. मग सगळ्याच सुट्ट्या ऐच्छिक का नाहीत? कारण बँकेची क्लिअरिंग, कोर्ट, शाळा ही एकट्याने बंद ठेवता येत नाहीत, आणि विसर्जनाच्या दिवशी रस्ता बंद असेल तर तुमचा धर्म कुठलाही असो तुम्ही ऑफिसला पोचणार नसता.

"सुट्ट्या फार झाल्या हो"

मुंबई उच्च न्यायालयही जानेवारी २०२२ मध्ये असंच काहीसं म्हणालं होतं. दादरा-नगर हवेलीतल्या २ ऑगस्टच्या मुक्तिदिनाची सुट्टी परत मिळावी म्हणून याचिका होती, कोर्टाने सांगितलं की सार्वजनिक सुट्टी हा कोणाचाही मूलभूत हक्क नाही आणि कदाचित आता सुट्ट्या कमी करायची वेळ आलीय. उत्तर प्रदेशने २०१७ ला थोर व्यक्तींच्या जयंती-पुण्यतिथीच्या १५ सुट्ट्या एका फटक्यात काढल्या होत्या.

पण मला वाटतं आकड्यापेक्षा जास्त त्रास अचानक जाहीर होणाऱ्या सुट्टीचा होतो. २२ जानेवारी २०२४ ला अयोध्येच्या सोहळ्यासाठी महाराष्ट्राने सुट्टी दिली ती अगदी तोंडावर, चार लॉ स्टुडंट्सनी आव्हान दिलं आणि हायकोर्टाने आदल्या दिवशी रविवारी सुनावणी घेऊन याचिका फेटाळली. सुट्टी बरोबर की चूक हा वाद बाजूला ठेवू, पण त्या सोमवारी कोणाचं ऑपरेशन, कोणाची रजिस्ट्री, कोणाची परीक्षा असेल त्यांची धावपळ झाली असणारच. २४ सुट्ट्या वर्षभर आधी माहीत असतील तर माणूस जुळवून घेतो, एक अचानक आली की सगळं कोलमडतं.

मग प्लॅनिंग करायचं कसं

सगळ्यात आधी आपण कुठल्या यादीत बसतो ते बघा, आणि ज्याच्याशी काम आहे तो कुठल्या. घराचं रजिस्ट्रेशन असेल तर रजिस्ट्रार ऑफिस राज्याच्या यादीवर, डिमांड ड्राफ्ट बँकेच्या यादीवर, आणि दोन्ही एकाच दिवशी उघडी पाहिजेत.

मग तारखांचे तीन गट पाडा. पक्क्या, म्हणजे १९ फेब्रुवारी, १४ एप्रिल, नाताळ वगैरे, यात डोकं घालायची गरज नाही. गणिताच्या, म्हणजे पाडवा, दिवाळी, गुड फ्रायडे, या पाच वर्षं पुढच्याही आत्ता काढता येतात, फक्त तिथी विभागलीय का ते एकदा तपासा. आणि चंद्रदर्शनाच्या चार. या चारांच्या आधीचा आणि नंतरचा दिवस मोकळा ठेवा, त्या दिवशी क्लायंट मीटिंग, साखरपुडा, डिलिव्हरीची शेवटची तारीख काहीच नको. ईद-ए-मिलाद गणपतीच्या दहा दिवसांत येत असेल तर मुंबईवाल्यांनी तारीख हलणार असंच धरून चाला, २०२३, २०२४ आणि २०२५ सलग तीन वर्षं सुट्टीत बदल झालाय. २०२६ ला ती २६ ऑगस्टच्या आसपास, गणपतीच्या बरीच आधी, त्यामुळे यंदा ती भानगड नाही.

मार्चअखेर वेगळी सांभाळा. ३१ मार्च २०२५ ला रमजान ईद होती आणि सरकारी व्यवहार करणाऱ्या बँका रिझर्व्ह बँकेने चालू ठेवायला लावल्या होत्या, २०२६ ला त्याच तारखेला महावीर जयंती, आणि १ एप्रिलला बँका वर्षअखेरच्या हिशेबासाठी ग्राहकांना बंद. टॅक्स, विमा, पीपीएफ जे काय भरायचं ते २५ मार्चच्या आत भरून मोकळं व्हा.

आणि ज्यांना गावी जायचंय त्यांच्यासाठी: २०२६ ला लक्ष्मीपूजन रविवारी ८ नोव्हेंबरला, पाडवा मंगळवारी १० ला, भाऊबीज बुधवारी ११ ला. मधला सोमवार ९ तारखेचा राज्याच्या यादीत नाही. त्या एका दिवसाच्या रजेवर राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना शनिवार ते बुधवार सलग पाच दिवस मिळतात, आणि हे ऑफिसातल्या प्रत्येकाला सप्टेंबरात एकदमच दिसणार आहे, तेव्हा अर्ज गणपतीच्या आधी टाका.